आतल्या खात्यावर पंधराशे रुपये

तुरुंगात दोन वेळचं जेवण सरकार देतं, मग तिथं पैसे कशाला लागतात? हा प्रश्न मला चुलत्यांनी विचारला, शेजारणीनं विचारला, दुकानाच्या मालकांनीही विचारला. कुणी सरळ मनानं, कुणी जरा तिरकं. मी प्रत्येकाला तेच सांगत आले. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, पेस्ट, डोक्याला तेल, बनियन, चप्पल तुटली तर चप्पल, पत्र लिहायला पाकीट आणि पेन. कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्याला यातलं बरंचसं स्वतःच्या पैशानं आतल्या कॅन्टीनमधून घ्यावं लागतं. संध्याकाळचं जेवण तुरुंगात फार लवकर उरकतात, पुढची रात्र लांब असते, म्हणून एखादा बिस्किटांचा पुडा, थोडं फरसाण. चैन म्हणावी असं त्यात काहीही नाही.

माझा धाकटा भाऊ २०१९च्या दिवाळीनंतर न्यायालयीन कोठडीत गेला. केस काय होती हे मी लिहिणार नाही. खटला अजून उभा आहे आणि त्यावर बोलायचं तर त्यानं आणि त्याच्या वकिलांनी. मी लिहिते आहे ती फक्त पैसे पाठवण्याबद्दल, कारण आम्हाला गरज होती तेव्हा हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. थोडं वकिलांकडून कळलं, थोडं पोस्टात, आणि सगळ्यात जास्त तुरुंगाबाहेरच्या रांगेत.

आम्ही बार्शीचे. मी एका कापड दुकानात बिलं आणि हिशेब बघते. भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात कंपनीत कामाला होता, अटक तिकडेच झाली, त्यामुळे तिकडच्याच मध्यवर्ती कारागृहात गेला. रात्रीची एसटी धरली की पहाटे पोचायचं, खिडकीवर नंबर लावायचा, आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची, नातं सांगायचं, आणि नाव पुकारतील त्याची वाट बघायची. पहिल्या वेळी आईही बरोबर होती. तिनं पदराच्या गाठीत दोन हजार रुपये बांधून आणले होते. खिडकीतल्या शिपायानं ते बघितले आणि म्हणाला, "मावशी, रोख इथं घेत नाही. मनिऑर्डर करा." एवढं सांगून त्यानं पुढच्याला बोलावलं. आमच्यामागे माणसांचा ढीग उभा होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आईचे हात तसेच खिडकीत राहिले.

तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा दोन-तीन वर्षांपासून आत होता. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक वही काढली आणि पत्ता कसा लिहायचा ते अक्षरशः शिकवलं. आधी बंद्याचं, म्हणजे कैद्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि कोर्टाच्या वॉरंटवर आहे तसंच. घरात काय म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर काय आहे, ते इथं चालत नाही. मग न्यायाधीन बंदी क्रमांक. मग सर्कल, म्हणजे तुरुंगाचा विभाग, आणि बराक. मग 'मा. अधीक्षक यांच्यामार्फत', कारागृहाचं नाव, पिनकोड. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पूर्ण आणि खरा, मोबाइल नंबरासकट. "नंबर चुकला ना, तर पैसे पडून राहतात गं," त्या म्हणाल्या. "एका नावाची दहा पोरं असतात आत." नंबर कुठून मिळवायचा तेही त्यांनीच सांगितलं. मुलाखतीच्या, म्हणजे भेटीच्या वेळी त्याच्याकडूनच विचारून घ्यायचा, नाहीतर वकिलांना सांगायचं.

आमच्या बाबतीत वॉरंटवर आडनावात एक वेलांटी वेगळी पडली होती. ते कागद लिहिणाऱ्याच्या हातून झालं होतं. वकील म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज देऊ, पण तोवर वॉरंटवर आहे तसंच लिहा. आपल्या आडनावात असा फरक करून पत्ता लिहिताना पेन जड होतं. लिहिलं.

बार्शीच्या पोस्टात फॉर्म भरून दिला. काउंटरवरचे क्लार्क वयस्कर, शांत माणूस. संगणकात भरण्याआधी ते फॉर्म वाचून दाखवायचे, म्हणजे चूक राहत नाही. माझा फॉर्म हातात घेऊन त्यांनी नाव वाचलं, क्रमांक वाचला आणि 'कारागृह' या शब्दापाशी आवाज खाली आणला. मागे रांगेत आमच्याच गल्लीतली दोन माणसं होती. त्यांना ऐकू गेलं असेल की नाही मला ठाऊक नाही. पण त्या माणसानं आवाज खाली आणला, हे मी कधी विसरणार नाही. पुढे ओळख झाल्यावर ते फॉर्म न वाचता नुसता माझ्याकडे फिरवून बोट ठेवायचे आणि मी मान हलवायची.

मनिऑर्डरचं कमिशन दर वीस रुपयांना एक रुपया, वीसच्या आतल्या तुकड्यालाही पूर्ण रुपया. म्हणजे पंधराशेला पंचाहत्तर, आणि पंधराशे दहा पाठवले तर शहात्तर. तेव्हा एका मनिऑर्डरनं जास्तीत जास्त पाच हजार जायचे. ज्यांच्याकडे मोजकेच पैसे असतात त्यांनी रक्कम वीसच्या पटीत ठेवावी. पाच टक्के ही रक्कम छोटी नाही. मोबाइलवरून फुकट पैसे जाण्याच्या दिवसांत सगळ्यात गरीब घरांना आपल्या माणसाला साबणाचे पैसे पाठवायला शेकड्याला पाच द्यावे लागतात, हे मला आजही खटकतं. पावतीवरचा नंबर टाकून मनिऑर्डर कुठवर गेली ते बघता येतं, म्हणून पावती जपायची. संदेश मात्र मनासारखा लिहिता येत नाही. ठरावीक संदेशांची यादी असते, त्यातला एक निवडायचा. पैसे मिळाल्याचं कळवा, अशा अर्थाचा मी निवडला. बाकी सांगायचं ते पत्रातून.

किती पाठवायचे, हा खरा अवघड भाग.

आईचं म्हणणं होतं, होतील तेवढे पाठव. "लेकरू परमुलखात हाय, त्याला कमी नको पडाया." चुलते म्हणाले, एक पैसा पाठवू नका, त्याशिवाय अक्कल येणार नाही. रांगेतल्या त्या बाईंचं मत तिसरंच होतं आणि मला तेच पटलं. मोठी रक्कम कधी टाकू नको. मनिऑर्डर कुणाची आली, किती आली, हे आत लपत नाही. पैसा आहे असं दिसलं की मागणारे उभे राहतात, कुणी गोडीनं, कुणी दमानं. आणि काहीच आलं नाही तर पोरगा दुसऱ्याच्या साबणावर, दुसऱ्याच्या बिडीवर जगायला लागतो. मग त्याची परतफेड कशी करायची हे तो दुसरा ठरवतो. कुणाचे कपडे धुणं, कुणासाठी भांडणात उभं राहणं. "थोडे पाठव, पण चुकवू नको," त्या म्हणाल्या. "पोरानं तारखेचा भरवसा धरला पाहिजे."

मी हिशेब मांडला. आतल्या वस्तूंचे भाव भावानं मुलाखतीत सांगितले होते. त्यात महिन्याची गरज आठशे-हजारात बसत होती. आजारपण, एखादी फाटलेली चादर, फोन, पत्रं धरून पंधराशे ठरवले. माझा पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्ट. त्या वेळी महिन्याला साडेचार हजारांची मर्यादा होती, पण आम्ही कधी तिच्या आसपासही गेलो नाही. सणाला आई म्हणायची, या वेळी दोन हजार कर. दिवाळीला तेवढे केले.

पैसे आत गेल्यावर त्यांचं काय होतं हे आम्हाला बाहेर कळत नव्हतं. भावानं पुढे सांगितलं. पोस्टमन मनिऑर्डरी घेऊन येतो, त्या कार्यालयात नोंदवल्या जातात, नाव आणि क्रमांक ताडून बघतात आणि रक्कम त्या बंद्याच्या खासगी रोख खात्यावर जमा होते. आत सगळे त्याला पीपीसी म्हणतात. नोटा हातात देत नाहीत, कैद्याजवळ रोख सापडली तर तो गुन्हा. ज्यांची मनिऑर्डर आली त्यांची नावं बराकीत पुकारतात, सही किंवा अंगठा घेतात. मग कॅन्टीनच्या दिवशी जे घेईल ते खात्यातून वजा होतं. आमचे पैसे कधी आठवड्यात जमा व्हायचे, कधी पंधरवडा लागायचा. एकदा जवळजवळ महिना लागला. त्या काळात त्यानं दुसऱ्याकडून एक साबण उसना घेतला आणि जमा झाल्यावर दोन परत केले. आत उसन्याचा भाव तोच होता.

नाव पुकारण्याबद्दल त्यानं जे सांगितलं ते मला जास्त लागलं. पुकारा सुरू झाला की सगळी बराक कान देऊन बसते. ज्यांना कुणी पाठवत नाही तेही बसतात. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या एका माणसाचं नाव त्यानं एकदाही ऐकलं नाही. मराठवाड्यातल्या एका गावचा ऊसतोड मजूर, पन्नाशीच्या पुढचा. त्याची बायको वारलेली, मुलगा कारखान्यांच्या पट्ट्यात फिरता, पत्ता पक्का नाही. तरी तो प्रत्येक वेळी पुकाऱ्याला उठून बसायचा.

भाऊ त्याला आपल्यातलं द्यायचा. हे मी एकदा वकिलांना सहज बोलले, तर ते म्हणाले, कायद्यात हेही लिहिलंय. त्या वेळी लागू असलेला १८९४चा तुरुंगांचा कायदा, त्याचं कलम ३१ म्हणतं की दोषी न ठरलेल्या कैद्याला स्वतःच्या खर्चानं अन्न, कपडे, अंथरूण आणि गरजेच्या वस्तू घेता येतील, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. म्हणजे आम्ही पाठवतो ते पैसे ही कुणाची मेहेरबानी नाही. हे ऐकून मला फार बळ आलं. पण लगेच पुढचं कलम ३२ सांगतं की अशा कैद्याच्या वस्तूंतला कुठलाही भाग दुसऱ्या कैद्याला द्यायचा नाही, विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. त्यामागचा हेतू मला समजतो. दादागिरी आणि बाजार रोखायला ते असेल. पण ज्याला कुणीच नाही त्यानं साबण कुठून आणायचा, याचं उत्तर त्या कलमात नाही.

२०२०च्या मार्चमध्ये मुलाखती बंद झाल्या. आम्ही तिकीट काढून बसलो होतो, ते रद्द झालं. एप्रिलमध्ये राज्यातली आर्थर रोड, ठाणे, येरवडा, भायखळा आणि कल्याण ही कारागृहं पूर्ण बंद केली. आतले कर्मचारी आतच, बाहेरचं कुणी आत नाही. मे महिन्यात आर्थर रोडमध्ये कोरोनाचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आईनं जेवण सोडलं. आमचा मुलगा त्या तुरुंगात नाही, हे तिला कितीही सांगितलं तरी तिच्या लेखी सगळे तुरुंग एकच होते. हजारो कैद्यांना तात्पुरत्या जामिनावर सोडणार असं जाहीर झालं. उच्चाधिकार समिती नेमली होती, निकष ठरले होते, पण भावावरची कलमं त्या निकषांत बसत नव्हती.

त्या काळात मनिऑर्डर हा एकच धागा उरला. पोस्ट अत्यावश्यक सेवेत होतं, उघडं होतं. दुकान बंद, मालकांनी अर्धा पगार दिला. मी पंधराशेचे हजार केले, पण तारीख चुकवली नाही. तोंडाला फडकं बांधून, पोलिसांना पोस्टाची जुनी पावती दाखवत चौकातून जायचे. एका हवालदारानं पावतीवरचा पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जावा ताई, लवकर परत या." पुढे तुरुंगांनी व्हिडिओ कॉलची सोय केली. पहिला कॉल आला तेव्हा भाऊ दाढी वाढलेला, हडकलेला दिसला. आईनं काय विचारावं? "साबन मिळतो का रं?" तो म्हणाला, "मिळतो आई. ताईचे पैसे आले." त्या कॉलमध्ये तेवढंच धड बोलणं झालं, बाकी वेळ दोघं रडत होती. महामारीत साबण म्हणजे काय होतं, हे ज्यांनी बराकीत दाटीवाटीनं झोपलेल्या माणसांबद्दल कधी विचार केला असेल त्यांना सांगायला नको. आर्थर रोडची अधिकृत क्षमता ८०४ कैद्यांची आहे आणि आत कितीतरी पट माणसं असतात, हे वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं छापून येतं. इतर ठिकाणीही चित्र फार वेगळं नाही. २०२१च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत साडेपाच लाखांवर माणसं होती आणि त्यांतली सुमारे ७७ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतले तीन असे, ज्यांचा गुन्हा कुठल्याही कोर्टात अजून सिद्ध झालेला नाही.

त्याच सुमारास मला एक फोन आला. अनोळखी नंबर. "मी आत्ताच सुटून आलोय, तुमच्या भावाच्या बराकीत होतो. त्याला फार त्रास चाललाय, पाच हजार टाका, मी आतल्या माणसामार्फत पोचवतो." भावाचं नाव त्याला माहीत होतं, आमचं गाव माहीत होतं. मी म्हटलं, बंदी क्रमांक सांगा. तो गडबडला. मग म्हणाला, मोबाइलवर लगेच टाका, उशीर झाला तर बघा. मी फोन ठेवला आणि वकिलांना कळवलं. पुढच्या व्हिडिओ कॉलमध्ये भावानं सांगितलं की तसं काहीच नव्हतं. आमच्यासारख्या घरांना असे फोन येतात. घाबरलेल्या माणसाच्या हातून पैसे सुटायला वेळ लागत नाही, आणि पोराचा जीव धोक्यात आहे असं ऐकल्यावर कुठली आई क्रमांक विचारेल? म्हणून मी ज्याला-त्याला सांगते, फोन घरात एकाच माणसानं घ्यायचा, आणि कुणाच्या मोबाइलवर, कुणाच्या खात्यावर तुरुंगाच्या नावानं पैसे टाकायचे नाहीत. पैसे जायचे ते कारागृहाच्या पत्त्यावर किंवा कारागृह स्वतः लेखी सांगेल त्या खात्यावर, पावतीसकट. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा कायद्यात आहे, उत्पन्नाचा दाखला असो नसो. आम्हाला हे उशिरा कळलं. तोवर आईच्या पाटल्या मोडून झाल्या होत्या.

मध्येच भावाला दुसऱ्या कारागृहात हलवलं. गर्दी कमी करायला असं करतात. आम्हाला कुणी कळवलं नाही. त्या महिन्याची मनिऑर्डर जुन्या पत्त्यावर गेली आणि बऱ्याच दिवसांनी परत आली. मधले दिवस आम्ही पोस्टाच्या साइटवर नंबर टाकून बघत बसलो, तर पुढे काही सरकेना. नव्या ठिकाणी नवा क्रमांक, नवी बराक. वकिलांनी पुढच्या तारखेला कोर्टात विचारून सगळं लिहून आणलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी दर तारखेला वकिलांना हा एक प्रश्न विचारायची सवय ठेवावी: आत्ता तो कुठे आहे, कुठल्या क्रमांकानं?

२०२१च्या ऑक्टोबरमध्ये आर्थर रोडमध्ये असलेल्या एका प्रसिद्ध नटाच्या मुलाला घरून साडेचार हजारांची मनिऑर्डर गेल्याची बातमी सगळ्या वाहिन्यांवर आली. पुढे त्या मुलावर आरोपपत्रही झालं नाही. पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत पहिल्यांदा लोक मला विचारायला लागले, तूही अशीच पाठवतेस का, किती लागतात, आत काय मिळतं? त्याआधी दीड-दोन वर्षं कुणी विषय काढला नव्हता. शेजारीण संध्याकाळी येऊन बसली आणि म्हणाली, तिच्या मावसभावाच्या पोरालाही उचललंय, फॉर्म कसा भरायचा दाखव. मी वही काढली आणि रांगेतल्या त्या बाईंनी सांगितला तसाच क्रम तिला लिहून दिला.

भावाचा जामीन झाला तो त्यानंतर. आदेश निघाला आणि तो बाहेर आला यातही बरेच दिवस गेले, कारण जामीनदार, त्याचा सातबारा, तहसिलातून ऐपतीचा दाखला, हे सगळं उभं करायचं होतं. जामीन मंजूर होऊनही केवळ रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेली माणसं त्यानं पाहिली होती. २०२३पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. सुरुवातीला तिच्यात जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्यांच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. आमच्या वेळी ती नव्हती. आता आहे, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिच्याबद्दल नक्की विचारावं.

सुटताना त्याच्या खात्यावर शिल्लक होती ती त्याला हिशेबानं मिळाली. घरी आल्यावर दोन दिवस तो जास्त बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, दर महिन्याला माझं नाव पुकारायचे ना, तेव्हा मला वाटायचं, घरी माझं ताट अजून मांडतात." मग त्या ऊसतोड मजुराचं नाव आणि क्रमांक कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, आता याला पाठवू.

आईला ते पटलं नाही. आपल्याच घराची ओढाताण, त्यात परक्याला कशाला? मला पटलं, पण नियम बघावे लागले. नातं नसलेल्यानं पाठवलेलं चालतं का, हे भाऊ स्वतः कारागृहाच्या खिडकीवर जाऊन विचारून आला. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता हवा आणि रक्कम मर्यादेत हवी, असं त्याला सांगण्यात आलं. भाऊ पुन्हा कामाला लागला होता, पगार कमी होता. ठरलं की महिन्याला पाचशे आणि त्यावर पंचवीस कमिशन, त्यातले अर्धे त्याचे, अर्धे माझे. पहिली मनिऑर्डर पोचल्यावर त्या माणसानं दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतलेलं पत्र आलं. त्यात आभार वगैरे काही नव्हते. काय घेतलं त्याची यादी होती, किमतींसकट: दोन साबण, एक तेलाची बाटली, एक बनियन. आणि शेवटी, उरलेले खात्यावर ठेवलेत, पुढच्या महिन्याला गरज नाही पडली तर कळवीन.

पुढे त्या मजुराला शिक्षा लागली. कच्च्याचा पक्का झाला की क्रमांक बदलतो, तसा त्याचाही बदलला. आता तो तुरुंगाच्या शेतीत काम करतो आणि दिवसाची थोडी मजुरी मिळते. पक्क्या कैद्याला असा आधार तरी असतो. २०२२च्या महाराष्ट्रदिनी राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. त्यात कैद्याला तुरुंगातल्या मजुरीच्या बळावर ७ टक्के व्याजानं ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, घरच्यांच्या गरजेसाठी. मला ती फार मोलाची वाटते. आतून घराकडे पैसा जाऊ शकतो, म्हणजे आतला माणूस घरावर नुसता भार नसतो. पण त्यासाठी घर माहीत असावं लागतं, आणि या माणसाचं घर कुठे आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

भावानं तिकडच्या एका मुकादमाकडून त्याच्या मुलाचा ठावठिकाणा काढलाय. ऊस संपला की तो एका वीटभट्टीवर असतो म्हणे. त्या भट्टीच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. त्यात बापाचा नवा क्रमांक, पत्ता लिहायचा क्रम आणि मनिऑर्डरचं कमिशन, एवढंच लिहिलं. उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत पाचशे आम्ही पाठवतो.